वादळी वाऱ्यात पाण्यात पडलेला माणूस

दुधनी-अक्कलकोट भागात पोहायला शिकण्याची शाळा म्हणजे विहीर. उन्हाळी सुटीत पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा, वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा आणि मामाने किंवा चुलत्याने वरून ढकलून द्यायचे. आठ-दहा दिवसांत डबा सुटतो आणि पोरगा पट्टीचा पोहणारा ठरतो. हे शिक्षण खोटे नाही. पण विहिरीच्या पाण्याला लाट नसते, वारा वरच्या वर निघून जातो आणि कुठल्याही बाजूला दहा हात मारले की कडा हाताला लागते. या पोहण्याच्या भरवशावर माणूस वाऱ्या-वादळात नदी किंवा जलाशय ओलांडायला निघतो, तेव्हा हिशेब चुकतो.

सोलापूर जिल्ह्याने हा हिशेब चुकताना पाहिला आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. बोटीत सात जण होते. त्यांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, म्हणून बातमी तरी बाहेर कळली. उरलेले सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. एनडीआरएफच्या पथकांना मृतदेह हाती लागायला तिसरा दिवस उजाडला. जलवाहतुकीचा हा मार्ग काही सहलीचा नव्हे. रस्त्याने मोठा वळसा पडतो, बोटीने थोड्या वेळात पलीकडे जाता येते, म्हणून दोन्ही काठांची माणसे रोज असा प्रवास करत आली आहेत. शिवाय धरण त्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेले होते. पाणी आटलेले असताना त्याची भीतीही कमी वाटते. बुडायला मात्र उरलेले पाणी पुरेसे होते.

मे महिन्याची संध्याकाळ ही वेळही योगायोगाची नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून वर चढलेल्या बाष्पाचे दुपारनंतर उंच ढग होतात. हा वळवाचा ढग फुटतो तेव्हा पावसाबरोबर थंड, जड हवा वरून खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. ही हवा पावसाच्या आधी येते. शेतात असलेल्या माणसाला ती धुळीच्या लोटावरून, अचानक आलेल्या गारव्यावरून आणि मातीच्या वासावरून कळते. पाण्यावर धूळ उडत नाही. लांबून पाण्याच्या पृष्ठभागावर एक काळपट, खरबरीत पट्टा सरकत येताना दिसतो. तो दिसल्यापासून बोटीपर्यंत यायला काही मिनिटेच लागतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे मघाशी बरा वाटणारा वारा आणि आत्ताचा वारा यांत नावालाही साम्य राहत नाही.

त्यात जलाशयाची लाट समुद्राच्या लाटेपेक्षा वेगळी. खुल्या समुद्रावर लाट लांब असते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. उजनीसारख्या पसरट पाण्यावर वाऱ्याला काही किलोमीटरची मोकळी धाव मिळते. तेवढ्यात उठणारी लाट उंचीने फार नसली तरी आखूड आणि उभी असते. एकीवरून बोट उतरते न उतरते तोच दुसरी आदळते. बोट लाटेला आडवी झाली की पाणी आत येते. परातीत पातळ आमटी घेऊन चालणाऱ्याला माहीत असते की परात जरा कलली की सगळी आमटी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. आत पाणी साठलेल्या बोटीचे तसेच होते. घाबरलेली माणसे उठून एका बाजूला सरकली की उरलेले काम पुरे होते. म्हणून वारा सुटल्यावर पहिला नियम बसण्याचा आहे: सगळ्यांनी बोटीच्या तळाशी, मध्यावर बसायचे आणि बोटीचे तोंड लाटेकडे, किंचित तिरके ठेवायचे. इंजिन बंद पडले तर मागे एखादी बादली दोराला बांधून पुढच्या टोकाकडून पाण्यात सोडावी; ती पाण्यात ओढ धरते आणि बोटीला आडवी होऊ देत नाही.

बोट न उलटता एकच माणूस पाण्यात पडला तर? शिडाच्या बोटींनी महासागर ओलांडणाऱ्यांनी या एका प्रश्नावर पन्नास वर्षे डोके खपवले आहे. सहा नॉट हा शिडाच्या बोटीचा साधारण वेग, म्हणजे तासाला अकरा किलोमीटर. सायकलवाल्यालाही यात काही विशेष वाटणार नाही. पण या वेगाने बोट एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते. माणूस पडल्याचे कळायला, ओरडायला, सुकाणूवरच्याला समजायला अर्धे मिनिट गेले तरी मध्ये नव्वद मीटरचे अंतर पडलेले असते. पाण्याबाहेर दिसते ते फक्त डोके, म्हणजे एका सोललेल्या नारळाएवढी वस्तू. दीड-दोन मीटरच्या लाटांत ते डोके निम्मा वेळ लाटेच्या खोलगट भागात लपलेले असते आणि भोवती सगळीकडे पांढरा फेस. नजर क्षणभर हटली की परत तिथेच लागेल याची खात्री नाही.

म्हणून जगभरच्या शिडाच्या बोटींवर पहिली कवायत नजरेची असते. एका माणसाने दुसरे काहीही करायचे नाही. पडलेल्याकडे हात लांब करून बोट दाखवत राहायचे. (मराठीत या वाक्यात ‘बोट’ कोणती, असा घोटाळा होतो, इथे हाताचे.) दुसऱ्याने हाताला लागेल ती तरंगणारी वस्तू पाण्यात फेकायची. ती माणसाला मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी जागा सापडायला खूण राहते. जीपीएस यंत्रावर यासाठी वेगळे बटण असते, ते दाबले की तेवढी जागा नकाशावर ठरून राहते. सुकाणूवरच्याने जागच्या जागी वळून बोट थांबवायची. आधी लांब जाऊन सावकाश वळसा घेण्याची जुनी पद्धत दिसायला सुबक, पण वादळात तेवढ्यात माणूस नजरेआड होतो.

आणि तरीही माणसे सापडत नाहीत. फ्रान्सचे एरिक ताबार्ली हे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शीडनाविकांपैकी एक. अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची शर्यत त्यांनी दोनदा जिंकली होती. जून १९९८ मध्ये वेल्सजवळच्या समुद्रात, रात्री, शिडाचे काम करत असताना ते आपल्याच जुन्या ‘पेन ड्युईक’ बोटीवरून पाण्यात फेकले गेले. बोटीवर सोबती होते. ताबार्लींच्या अंगाला बोटीशी बांधणारा पट्टा नव्हता. त्यांना परत बोटीवर घेता आले नाही. आठवड्यांनंतर मासेमारी बोटीच्या जाळ्यात त्यांचा देह आला. कौशल्य माणसाला बोटीवर राहायला मदत करते. एकदा माणूस पाण्यात गेला की ते बरेचसे निरुपयोगी होते.

निरुपयोगी का होते, याचे उत्तर शरीरात आहे. अनपेक्षितपणे पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या क्षणी त्याच्या ताब्यात नसतो. थंड समुद्रात गारठ्याने आपोआप मोठा आवंढ्यासारखा श्वास आत ओढला जातो; तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात गारठ्याचा धक्का कमी, पण भीती, धाप आणि तोंडावर फुटणारी लाट यांनी तोच परिणाम होतो. लाटांत पोहणारा ज्या वेळी श्वास घ्यायचा ठरवतो त्याच वेळी लाट येते. विहिरीत श्वासाची लय पोहणारा ठरवतो, इथे ती पाणी ठरवते. त्यात अंगावर शर्ट-पॅण्ट, पायांत बूट, साडी नेसलेली असेल तर पायांभोवती गुंडाळलेले पाच वार ओले कापड. दमायला फार वेळ लागत नाही.

दमलेला माणूस ओरडत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. सिनेमात बुडणारा हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणतो. प्रत्यक्षात बुडण्याच्या शेवटच्या टप्प्यात हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबू लागतात, तोंड वर येते ते श्वास घेण्यापुरते, आवाजासाठी हवा उरत नाही. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने प्रत्यक्ष चित्रफिती तपासून हे दाखवून दिले. पाण्याच्या पृष्ठभागावरची ही धडपड वीस सेकंदांपासून एका मिनिटापर्यंत टिकते, असे त्याचे निरीक्षण आहे. काठावरच्यांना तो माणूस पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. ‘आत्ता तर इथेच होता’ हे वाक्य त्यामुळेच ऐकू येते.

आणखी एक गोष्ट जलाशयाच्या विरोधात जाते. समुद्राचे पाणी खारट असल्याने गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. सत्तर किलोच्या माणसाला समुद्र गोड्या पाण्यापेक्षा पावणेदोन किलो जास्त उचलून धरतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण डोके पाण्याबाहेर ठेवायला बहुतेक प्रौढांना चार ते सहा किलोंचाच आधार कमी पडत असतो, त्यातले पावणेदोन किलो म्हणजे मोठा वाटा. कोकणातल्या खाडीपेक्षा भीमेच्या पाण्यात तरंगणे अवघडच आहे.

याच हिशेबात सुटकेची वाटही आहे. चार ते सहा किलो एवढाच आधार हवा असेल तर तो देणे कठीण नाही. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलो उचलतो. विहिरीतला पत्र्याचा डबा, पंढरपूरला चंद्रभागा ओलांडण्यासाठी पूर्वी बांधत ती भोपळ्यांची सांगड आणि आजचे लाइफ जॅकेट यांच्यामागचे शास्त्र एकच. फरक एवढाच की जॅकेट हात मोकळे ठेवते आणि शुद्ध हरपली तरी सुटत नाही. साधे पाच किलोंचे जॅकेट पोहता येणाऱ्याला शांत पाण्यात आधार म्हणून असते. दहा किलोंचे त्याहून बरे. लाटांसाठी पंधरा किलोंचे, म्हणजे जॅकेटवर ‘१५० न्यूटन’ असे लिहिलेले हवे. ते बेशुद्ध माणसालाही उताणे फिरवण्यासाठी बनवलेले असते. मात्र मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधला नाही तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि माणूस त्यातून खाली घसरतो. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर हमखास तसेच होते. आपल्याकडे ते बाकाखाली रचून ठेवलेले असते, हे तर सगळ्यांत वाईट. वळवाचा वारा बोटीला गाठतो तेव्हा बाकाखालून काढून, गाठी सोडवून ते अंगात घालायला वेळ मिळत नाही. देशात २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे आणि प्रत्येक दुर्घटनेनंतर जॅकेटची सक्ती जाहीरही होते. काठावर मात्र प्रवासी ‘उकडतं’ म्हणून घालत नाहीत आणि नावाडी भिडेने बोलत नाही. नावाड्याने इथे भीड सोडायला हवी.

जॅकेटने काय होते ते मुंबईच्या समुद्रात दिसले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहवत गेला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी, हेलिकॉप्टरांनी १८६ जणांना वाचवले. त्यांतले कित्येक जण केवळ अंगातल्या जॅकेटच्या आधारे काळोखात, डोक्यावरून जाणाऱ्या लाटांत तासन् तास तरंगत राहिले होते. पोहून कुणालाही किनारा गाठता आला नसता. बाकीच्यांचा मृत्यू हेही सांगतो की जॅकेट म्हणजे अभय नव्हे. लाट तोंडावर फुटत राहिली तर जॅकेट घातलेला माणूसही थोडे थोडे पाणी श्वासात घेत बुडू शकतो. म्हणून तरंगताना पाठ लाटांकडे करावी, गुडघे छातीशी घ्यावेत, अनेक जण असतील तर एकमेकांना धरून राहावे. पाणी कोमट वाटले तरी ते हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे रात्रभरात आपल्या समुद्रातही माणूस गारठतो. उलटलेली बोट तरंगत असेल तर तिला सोडून काठाकडे पोहत निघू नये. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि शोधणाऱ्याला डोके दिसण्याआधी बोट दिसते.

खोल समुद्रात जाणाऱ्यांचा भर जॅकेटच्याही आधी दोरावर असतो. माणूस पाण्यात पडूच नये यासाठी छातीच्या पट्ट्याला दोर, दोराला कडी आणि ती कडी बोटीच्या पुढून मागे ताणलेल्या मजबूत पट्टीत अडकवलेली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे यांच्यासारख्या नाविकाचा विचार केला की हा दोर काय असतो ते कळते. एकटा माणूस पडला तर वळून येणारे कुणीच नसते. स्वयंचलित सुकाणूवरची बोट त्याच वेगाने निघून जाते.

दोरालाही तोटे आहेत आणि ते जीव गमावून कळले. १९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट शर्यतीतल्या ३०३ बोटींना आयरिश समुद्राच्या तोंडाशी वादळाने गाठले, १५ स्पर्धक मरण पावले. त्यानंतर पट्टे, दोर, कड्या यांची कसून तपासणी सुरू झाली. २०१७ मध्ये दक्षिण महासागरात एका ब्रिटिश शर्यतीच्या बोटीवर शीड बदलणारा खलाशी पाण्यात पडला. तो दोराने बांधलेला होता. पण कडी डेकवरच्या एका खुंटीखाली अडकून आडवी ओढली गेली आणि वाकून सुटली. सरळ ओढीला टनभर वजन पेलणारी कडी आडव्या ओढीत अगदीच कच्ची ठरली, असे ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाला आढळले. लांब दोराचा दुसरा धोका म्हणजे माणूस कठड्याबाहेर लोंबकळतो आणि धावती बोट त्याला पाण्यातून फरफटत नेते. मिनिटांत श्वास कोंडतो. म्हणून दोर इतका आखूड ठेवतात की माणूस पडला तर डेकवरच पडावा. उजनीच्या किंवा चंद्रभागेच्या प्रवासी होडीत मात्र कुणी स्वतःला बोटीला बांधून घेऊ नये. ती उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखालीच राहील. दोर डेक असलेल्या, उलटूनही सरळ होणाऱ्या बोटींसाठी आहे.

माणूस सापडला, बोट जवळ आली, तरी काम संपत नाही. उलट इथेच अनेकदा हातातून निसटते. ओल्या कपड्यांतला, दमून लुळा पडलेला माणूस हलत्या बोटीच्या कडेवरून वर ओढणे दोन धडधाकट माणसांनाही जमत नाही, आणि दोघे एकाच बाजूला वाकले की छोटी बोट त्यांनाही पाण्यात टाकते. आधी दोर देऊन त्याला बोटीशी धरून ठेवायचे, तो जवळ येताच इंजिनचा पंखा थांबवायचा. मग ताडपत्री किंवा मासेमारीचे जाळे. त्याची एक कड बोटीला बांधून मधला झोळ पाण्यात सोडायचा, माणसाला त्यात आडवा घ्यायचा आणि दुसरी कड वर ओढायची. माणूस गुंडाळी उलगडल्यासारखा आडवाच वर येतो, ताकदही निम्मीच लागते. आडवा आणण्याला आणखी एक कारण आहे. बराच वेळ पाण्यात राहिलेल्या शरीराचे पाय आणि पोट पाण्याच्या दाबाने आवळलेले असतात, रक्त छातीकडे ढकललेले असते. काखेत हात घालून उभा वर काढला की तो दाब एकदम नाहीसा होतो, रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब कोसळतो. सुटका होताना शुद्धीवर असलेली माणसे बोटीवर येताच दगावल्याच्या नोंदी आहेत, त्यांमागे हे एक कारण मानले जाते.

त्याला धरायला दुसऱ्याने उडी मारू नये. बुडणारा माणूस आधाराला मिळेल ते खाली दाबतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात छापून येतात. कॅन, दोर, साडी, बांबू, काहीही पुढे करावे.

काठावर आणल्यावर जुन्या समजुती आड येतात. पोट दाबून पाणी काढणे, खांद्यावर उलटे घेऊन गरगर फिरवणे हे सगळे बंद केले पाहिजे. पोटातले पाणी बाहेर काढल्याने फुप्फुसात हवा जात नाही, उलट उलटी होऊन ती श्वासनलिकेत उतरते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे, म्हणून श्वास नसेल तर इथे सुरुवात छाती दाबण्याने नव्हे, तोंडाने श्वास देण्याने होते. हनुवटी वर करून, नाक दाबून आधी पाच श्वास (काही पद्धतींत दोन), मग छातीच्या मध्यावर तीस दाब, पुन्हा दोन श्वास. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचे नाही. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ओले कपडे काढावेत, कोरड्या चादरीत गुंडाळावे.

शुद्धीवर येऊन बोलू लागलेल्या माणसाला बहुतेक वेळा चहा पाजून, दुचाकीवर मध्ये बसवून घरी नेले जाते. फुप्फुसात गेलेले थोडेसे पाणीही तिथले हवेचे फुगे उघडे ठेवणारा पातळ थर धुऊन टाकते. त्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढत जाऊ शकतो: खोकला थांबत नाही, श्वास भराभर चालतो, ओठ निळसर दिसतात, मूल नको तितके झोपाळू होते. पाण्यातून काढल्यानंतर खोकला किंवा धाप असलेल्या प्रत्येकाला रुग्णालयात नेऊन निदान सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवावे लागते, आणि बोटावर चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजण्याची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही असते.